अंधाराची कमाई

मोबाईलवर एक चित्र गेली कित्येक वर्षे फिरते आहे. काळ्याभोर आकाशात उमललेला लाल गुलाब, आणि खाली सूचना की आकाशात हे फूल सापडले आहे, दहा जणांना पाठवा, थांबवू नका. आपल्या घरांमध्ये हे चित्र बहुतेकांनी पाहिलेले असणार. रमजानच्या दिवसांत तर ते हमखास येते. आमच्या वर्गातही ते आले आणि आठवीतल्या एका मुलीने सरळ विचारले, "हे खरं आहे का?"

होय म्हणावे तर अर्धे सांगायचे राहते, नाही म्हणावे तर अर्धे खरे लपवल्यासारखे होते. म्हणून या महिन्याचे सदर आम्ही त्या मुलीच्या प्रश्नाला देत आहोत.

चित्रात जे दिसते ते खरोखर आकाशात आहे. त्याचे नाव 'मांजराचा डोळा', कॅट्स आय नेब्युला. नेब्युला म्हणजे मराठीत तेजोमेघ. उर्दूत त्याला सहाबिया म्हणतात. सहाब म्हणजे ढग. एका म्हाताऱ्या ताऱ्याने आपल्या अंगावरचे वायूचे थर एकामागून एक बाहेर टाकले, ते पसरत गेले आणि मधल्या ताऱ्याच्या प्रकाशाने उजळले. हबल दुर्बिणीने १९९४ साली हा तेजोमेघ टिपला. इथपर्यंत सगळे खरे.

रंगांची गोष्ट मात्र वेगळी आहे. ते चित्र हायड्रोजन, ऑक्सिजन आणि नायट्रोजन या तीन वायूंचा प्रकाश वेगवेगळा टिपून जोडलेले आहे. टिपलेले तिन्ही प्रकाश मुळात लालच होते. तसेच ठेवले असते तर कुठला वायू कुठे आहे हे कळले नसते. म्हणून शास्त्रज्ञांनी हायड्रोजनला लाल, ऑक्सिजनला निळा आणि नायट्रोजनला हिरवा रंग दिला, आणि तसे लिहूनही ठेवले. नकाशात आपण बुलढाणा जिल्हा पिवळा आणि अकोला गुलाबी रंगवतो, तसेच हे. कुणी म्हणत नाही की अकोल्याची माती गुलाबी आहे. साध्या कॅमेऱ्याने हौशी लोक याच तेजोमेघाचा फोटो काढतात तेव्हा तो एक इवलासा निळसर-हिरवा ठिपका दिसतो. गुलाबाची शाई माणसाच्या हातची आहे. तेजोमेघ नाही.

चित्र बनवणाऱ्यांनी सगळे सांगितले होते. पुढे पाठवणाऱ्यांनी ती माहिती गाळली आणि फक्त फूल ठेवले. आपली श्रद्धा इतकी कमजोर नाही की तिला अशा अर्धवट चित्राचा टेकू लागावा.

चित्राची सनद

तेजोमेघांचे फोटो काढणाऱ्या हौशी मंडळींमध्ये एक चांगली रीत आहे. फोटोखाली ते लिहितात की दुर्बीण कुठली, कॅमेरा कुठला, कुठल्या तारखेला, कुठल्या गावाहून, किती सेकंदांचे किती फोटो, आणि नंतर संगणकावर काय काय केले. एखाद्याने हे लिहिले नाही तर बाकीचे विचारतात.

आपल्या घरातल्या मुलांना ही रीत समजावून सांगायला फार कष्ट पडू नयेत. हदीसच्या अभ्यासात आधी काय पाहतात? कोणी सांगितले, त्याने कोणाकडून ऐकले, आणि त्या माणसाने कोणाकडून. ही साखळी म्हणजे इस्नाद. साखळी तुटली की बोलणे कितीही गोड असले तरी अभ्यासक सावध होतात. मोबाईलवर येणाऱ्या आकाशाच्या चित्रालाही आपण तोच प्रश्न विचारावा. आता तर यंत्राला दोन ओळी सांगितल्या की ते न पाहिलेला तेजोमेघ रंगवून देते. अशा काळात मुलांच्या हाती 'सनद काय?' हा प्रश्न देणे हे आम्हाला शिक्षक म्हणून पाठ्यपुस्तकातल्या धड्याइतकेच महत्त्वाचे वाटते.

आणि हा प्रश्न विचारायचा सर्वांत चांगला मार्ग म्हणजे असा एक फोटो आपण स्वतः काढून बघणे.

ढगासारखा ठिपका

हे काम आपल्यापासून फार लांबचे आहे असे अनेकांना वाटते. म्हणून थोडा इतिहास.

इराणातल्या रय इथे जन्मलेल्या अब्दुर्रहमान अल-सूफी यांनी इसवी सन ९६४ च्या सुमारास स्थिर ताऱ्यांवर एक ग्रंथ लिहिला. प्रत्येक तारकासमूहाची दोन चित्रे त्यांनी दिली. एक आपण जमिनीवरून पाहतो तसे, दुसरे गोलावर काढतात तसे. त्यात देवयानी तारकासमूहाजवळ एका लहान ढगासारख्या ठिपक्याची नोंद आहे. दुर्बीण यायला अजून साडेसहाशे वर्षे होती. त्यांनी ती डोळ्यांनी केली. आज तो ठिपका देवयानी दीर्घिका म्हणून ओळखला जातो. तो ढग नाही, ताऱ्यांचे एक वेगळेच विश्व आहे, सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे दूर. हे सिद्ध व्हायला १९२३ साल उजाडले. एडविन हबल यांनी अमेरिकेतल्या माउंट विल्सनवरून काचेच्या फोटोप्लेटांवर त्यातला एक बदलता तारा ओळखला आणि त्यावरून अंतर काढले. जे डोळ्याला हजार वर्षे ढग वाटत होते, त्याचा निकाल फोटोने लावला.

ताऱ्यांची कितीतरी नावे आजही अरबी आहेत. मृग नक्षत्रातला राजन्य इंग्रजीत राइजेल झाला, तो मूळचा 'रिज्ल', म्हणजे पाय. रोहिणीचे अल्देबरान हे नाव 'अद्-दबरान', म्हणजे मागून चालणारा. कारण तो कृत्तिकांच्या मागून उगवतो. व्याध म्हणजे शिअरा, ज्याचा उल्लेख सूरह नज्ममध्ये आहे. आणि कृत्तिका म्हणजे सुरैया. घरोघरी ज्या नावाची एखादी खाला किंवा फूफी असते ती सुरैया. तिच्या ताऱ्यांभोवती धुळीचा निळसर पडदा आहे. डोळ्यांना तो दिसत नाही, पण कॅमेऱ्यात येतो.

आता आपल्या महाराष्ट्राकडे येऊ. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये १८८८ साली एक वेधशाळा उभी राहिली. भावनगरच्या महाराजांनी देणगी दिली म्हणून तिला महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा म्हणत. ती उभारणारे प्राध्यापक होते कावसजी दादाभाई नायगमवाला, एक पारशी गृहस्थ. त्यांच्याकडची २० इंच आरशाची दुर्बीण त्या काळी देशातली सर्वांत मोठी होती.

तेव्हा जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांना एका हिरव्या रेषेने हैराण केले होते. १८६४ साली विल्यम हगिन्स यांनी तेजोमेघाचा प्रकाश लोलकातून पाहिला. इंद्रधनुष्यासारखा सलग पट्टा दिसण्याऐवजी मोजक्याच चमकदार रेषा दिसल्या. त्यावरून तेजोमेघ हा वायू आहे हे कळले. गंमत म्हणजे हगिन्स यांनी पाहिलेला तो तेजोमेघ हाच, आपल्या मोबाईलवर गुलाब म्हणून फिरणारा मांजराचा डोळा. त्यातली मुख्य हिरवी रेषा पृथ्वीवरच्या कुठल्याच पदार्थाशी जुळेना. नॉर्मन लॉकयर यांचे म्हणणे होते की ती उल्कांमधल्या मॅग्नेशियमची. नायगमवाला यांनी पुण्यातून मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाची ती रेषा तपासली. ती त्यांना रेखीव आणि स्पष्ट दिसली, आणि हे निरीक्षण लॉकयर यांच्या मताला धरून नव्हते. समोरचा माणूस विलायतेतला नामवंत शास्त्रज्ञ आहे म्हणून पुण्याच्या प्राध्यापकाने दिसलेले बदलून लिहिले नाही. कोडे सुटले १९२७ साली. आयरा बोवेन यांनी दाखवले की ती रेषा ऑक्सिजनची आहे, मात्र अतिशय विरळ जागेत, इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची.

नायगमवाला निवृत्त झाले आणि १९१२ साली ती वेधशाळा बंद झाली. दुर्बीण कोडाईकनालला गेली. तिथे ती भावनगर दुर्बीण म्हणून ओळखली जाऊ लागली. पण ज्या हिरव्या प्रकाशासाठी पुण्यात रात्री जागवल्या गेल्या, नेमका तोच प्रकाश आत सोडणारी काचेची चकती आज हौशी फोटोग्राफर आपल्या कॅमेऱ्यासमोर बसवतात.

कॅमेरा काय करतो?

आपला डोळा अंधारात रंग ओळखत नाही. मंद प्रकाशात काम करणाऱ्या पेशी वेगळ्या असतात आणि त्यांना फक्त उजेड-अंधार कळतो. शिवाय डोळा प्रकाश साठवून ठेवत नाही. आलेला क्षण लगेच मेंदूकडे पाठवतो. म्हणून मोठ्या दुर्बिणीतूनही मृगातला तेजोमेघ बहुतेकांना राखाडी-हिरवट धूर दिसतो. मुले हिरमुसतात. त्यांना फोटोतला गुलाबी रंग हवा असतो.

कॅमेरा प्रकाश साठवतो. नळाखाली हंडा लावून ठेवावा तसा. धार बारीक असली तरी वेळ दिला की हंडा भरतो. तेजोमेघाचा पहिला फोटो अमेरिकेच्या हेन्री ड्रेपर यांनी ३० सप्टेंबर १८८० रोजी काढला, तोही मृगातल्या तेजोमेघाचाच, आणि त्यासाठी काच सुमारे ५० मिनिटे उघडी ठेवावी लागली.

अडचण अशी की हंडा स्थिर असला तरी नळ सरकतो. पृथ्वी फिरते आणि आकाश तासाला १५ अंश पुढे जाते. कॅमेरा स्टँडवर ठेवून अर्धा मिनिट उघडा ठेवला की तारे ठिपके न राहता रेघा होतात. यावर उपाय म्हणजे आकाशाच्याच वेगाने कॅमेरा फिरवणारे छोटे यंत्र. त्याला ट्रॅकर म्हणतात. त्याचा आस ध्रुवताऱ्याजवळच्या खगोलीय ध्रुवाकडे रोखावा लागतो. आमच्या सोनाळ्यात ध्रुव क्षितिजापासून साधारण २१ अंश वर दिसतो. हात लांब करून मूठ धरली तर ती सुमारे १० अंशांची होते. म्हणजे उत्तर क्षितिजापासून दोन मुठींवर. सातपुड्याच्या रांगेवर नजर ठेवून मुले तो पाच मिनिटांत शोधतात. गावाचा अक्षांश आणि ध्रुवाची उंची जवळपास सारखीच असते, हा भूगोलाचा धडा त्या पाच मिनिटांत जितका पक्का होतो तितका फळ्यावर होत नाही.

दुसरी युक्ती गणिताची. एकच लांबलचक फोटो घेण्याऐवजी लहान लहान पुष्कळ फोटो घेऊन संगणकावर त्यांची सरासरी काढायची. वर्गातल्या चाळीस मुलांना शाळेच्या व्हरांड्याची लांबी मोजायला सांगा. कुणाची दोन सेंटिमीटर जास्त येईल, कुणाची तीन कमी. सरासरी काढली की चुका एकमेकींना खाऊन टाकतात. फोटोतल्या खरखरीचे तसेच होते. ४ फोटोंच्या सरासरीत ती निम्म्यावर येते, १०० फोटोंच्या सरासरीत दहाव्या हिश्शावर. तेजोमेघ मात्र प्रत्येक फोटोत त्याच जागी असतो म्हणून तो टिकतो. जे खरे आहे ते प्रत्येक साक्षीत येते, जे अपघाताने आले ते पुसले जाते.

याशिवाय आणखी दोन प्रकारचे फोटो घेतात. लेन्सला झाकण लावून तितक्याच वेळाचे काही फोटो काढायचे. त्यात कॅमेऱ्याचे स्वतःचे दोष दिसतात आणि ते वजा करता येतात. आणि पहाटे फटफटले की लेन्सच्या तोंडावर पांढरे सुती कापड ताणून काही फोटो काढायचे. त्यात काचेवरच्या धुळीचे डाग आणि कडांचा अंधार कळतो. म्हणजे काम सुरू करताना आणि संपवताना आपल्या यंत्रात काय खोट आहे ते आधी मोजायचे, मग आकाशाबद्दल बोलायचे.

शाळेच्या गच्चीवर

आमच्या ओळखीचे एक फोटोग्राफर आहेत. लग्नसराईत लग्नाचे फोटो काढतात आणि सराई संपली की त्याच कॅमेऱ्याने तेजोमेघ. गेल्या हिवाळ्यात ते आपला कॅमेरा, २०० मिलिमीटरची लेन्स आणि ट्रॅकर घेऊन शाळेच्या गच्चीवर आले. आठवी-नववीची मुले-मुली आणि त्यांच्या घरची मोठी माणसे होती.

ज्या मुलीने गुलाबाबद्दल विचारले होते तिची अम्मी आदल्या दिवशी आम्हाला भेटायला आली. तिचे दोन प्रश्न होते. मुलीला रात्री का पाठवायचे, आणि यातून पुढे काय होणार? आम्हाला दोन्ही प्रश्न रास्त वाटले. जंगलाच्या काठावरचे गाव, रात्रीची वेळ, काळजी वाटणारच. आम्ही सांगितले, तुम्हीही या, आणि धाकट्यालाही आणा. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आम्ही वाढवून दिले नाही. यातून उद्या नोकरी लागेल असे आम्ही म्हणालो नाही. पण सरासरी, कोन, प्रकाशाचे रंग, संगणकावर चित्र वाचणे हे सगळे ती एका रात्रीत हाताने करील. डॉक्टरांचे स्कॅन असो की उपग्रहाने टिपलेले पिकांचे चित्र, खरखरीतून खरे शोधण्याचे काम तिथेही हेच असते.

अम्मी आली. सोबत सासूबाई आल्या. कृत्तिकांकडे बोट दाखवले तर त्या म्हणाल्या, "ये तो सुरैया. हमारे अब्बा इसे देखके खेत पे जाते थे." त्या एका वाक्यानंतर गच्चीवर बाहेरचे कुणी राहिले नाही.

मृग नक्षत्रातले तीन ओळीतले तारे, ज्यांना जुनी माणसे तिकांडे म्हणतात, त्यांच्या खाली तीन पुसट ठिपक्यांची ओळ असते. मधला ठिपका म्हणजे तो तेजोमेघ. तिथे नवे तारे जन्मत आहेत. साठ सेकंदांचा एक, असे ९० फोटो घेतले. दीड तास. पहिल्या फोटोत नुसता डाग दिसला. सगळे फोटो एकत्र झाल्यावर संगणकाच्या पडद्यावर पंख पसरलेल्या पाखरासारखा तो उमटला, मधोमध पांढुरका आणि कडेला गुलाबी. हा गुलाबी रंग कुणी दिलेला नव्हता. हायड्रोजनचा तो स्वतःचा रंग. साध्या कॅमेऱ्यात तो फिकाच येतो, कारण माणसांचे फोटो नैसर्गिक दिसावेत म्हणून कंपन्या आत एक गाळणी बसवतात आणि ती हा गडद लाल बराचसा अडवते.

फोटोखाली मुलीने स्वतःच्या अक्षरात लिहिले: सोनाळा, तारीख, ६० सेकंद गुणिले ९०. ही तिची सनद. आता कुणी तिला आकाशाचे चित्र पाठवले की ती उलट विचारते, "किती सेकंद?"

त्या रात्री पोहोचलेला प्रकाश तेजोमेघातून निघाला त्याला सुमारे १३४० वर्षे झाली. म्हणजे तो निघाला तेव्हा हिजरी सनाचे पहिले शतक चालू होते. हे सांगितल्यावर गच्चीवर थोडा वेळ कुणी बोलले नाही.

घरी सुरुवात कशी करावी?

आधी काहीही विकत घेऊ नका. '५२५ पट मोठे दाखवणारी' असे खोक्यावर छापलेली खेळण्यातली दुर्बीण तर मुळीच नको. तेजोमेघासाठी मोठे करून दाखवणे कामाचे नाही, जास्त प्रकाश गोळा करणे कामाचे. पैसे असतीलच तर ७ बाय ५० किंवा १० बाय ५० ची द्विनेत्री घ्यावी. ती शेतातही उपयोगी पडते.

वेळ आपल्याला सहज कळते. सूर्य क्षितिजाखाली १८ अंश गेला की आकाशातला उजेडाचा शेवटचा अंश संपतो आणि फोटोचे काम सुरू होते. इशाची वेळ ठरवताना अनेक वेळापत्रके हाच १८ अंशांचा हिशेब धरतात, आणि पहाटे फजरसाठीही. आपल्या भागात सूर्यास्तानंतर साधारण सव्वा ते दीड तासाने ही वेळ येते. म्हणजे मशिदीतले वेळापत्रक हेच फोटोग्राफरचेही वेळापत्रक. चंद्राचा हिशेबही आपल्या घरात असतोच. चौदावीचा चंद्र फोटो धुऊन टाकतो. महिन्याची २७ ते २९ तारीख आणि पुढच्या महिन्याचे पहिले तीन-चार दिवस उत्तम. ज्या डोळ्यांनी आपण ईदचा चाँद शोधतो, त्याच डोळ्यांना चाँद मावळल्यावर आणखी तासभर गच्चीवर थांबू द्या.

मोबाईलमध्ये हाताने वेळ ठरवायची सोय असेल तर तो दोन विटांच्या मध्ये पक्का बसवा. प्रकाश घेण्याची वेळ १० सेकंद, आयएसओ १६०० च्या आसपास, आणि बटण दाबल्यावर ३ सेकंदांनी फोटो निघेल असे लावा, म्हणजे बोटाचा हादरा बसणार नाही. जानेवारीच्या मध्यात रात्री साडेदहाच्या सुमारास मृग सर्वांत उंच असतो. तिकांड्याच्या खाली एक पुसट डाग आला तर तुम्ही तेजोमेघ टिपलात. असे ४० फोटो घ्या आणि सिरिल किंवा डीपस्कायस्टॅकर या मोफत मिळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये शाळेच्या संगणकावर एकत्र करा.

आपल्या अक्षांशाचीही एक देणगी आहे. उन्हाळ्यात धनु राशीतला लगून तेजोमेघ लंडनमधून क्षितिजापासून जेमतेम १४ अंश वर येतो. आमच्या सोनाळ्यातून तो सुमारे ४५ अंश वर येतो. मे महिन्यात मध्यरात्रीनंतर अंगणातल्या बाजेवर पडल्या पडल्या द्विनेत्रीतून तो दिसतो. जूनमध्ये ढग आले की काम बंद, ते थेट पावसाळा सरेपर्यंत.

पुढे जायचे असेल तर एकट्याने जाऊ नये. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी लोकांना आकाश दाखवते आहे. मुंबईचे खगोल मंडळही हे काम करते. आपल्या जवळच्या महाविद्यालयातही विचारावे.

अंधार कोणाचा?

आता जी गोष्ट सांगायची आहे तिच्याशिवाय वरचे सगळे निरुपयोगी आहे. या कामाला सर्वांत महाग वस्तू लागते ती अंधार, आणि ती दुकानात मिळत नाही.

सोनाळ्याच्या उत्तरेला अंबाबरवा अभयारण्य आणि सातपुडा. त्या बाजूचे आकाश अजून काळे आहे. दक्षिणेकडचे क्षितिज मात्र वर्षागणिक उजळत चालले आहे. गावात पांढरेशुभ्र एलईडी दिवे आले, चौकात उंच खांब आले. आम्ही दिव्यांच्या विरोधात नाही. भारनियमनात कंदिलावर अभ्यास केलेल्या पिढीतले आहोत. रात्री इशाहून परतणारे म्हातारे, शौचाला उठलेली बाई, शिकवणीहून येणारी मुलगी, वाटेतला साप, या सगळ्यांसाठी उजेड हवाच. जंगलाच्या काठावर तर हवाच हवा.

पण उजेड जमिनीवर हवा. आकाशाकडे जाणारा प्रकाश कुणाचीच वाट दाखवत नाही, बिल मात्र वाढवतो. डोळ्यात घुसणारा उघडा दिवा वाटेवरचा खड्डाही लपवतो. आपल्याच राज्यात याचे उदाहरण आहे. नागपूर जिल्ह्यातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातले पहिले 'डार्क स्काय पार्क' म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. त्यासाठी तिथल्या गावांना अंधारात बसवले नाही. रस्त्यावरचे दिवे बदलून प्रकाश खाली पडेल असे केले. त्या गावांत आजही रात्री दिवे लागतात, आणि आकाशगंगाही दिसते.

हे करायला शासनाची वाट पाहायची गरज नाही. आपल्या दारातल्या दिव्याला पत्र्याची एक टोपी बसवा. पांढऱ्याऐवजी पिवळसर दिवा लावा. गच्चीवरचा दिवा झोपताना बंद करा. लग्नाच्या रोषणाईची वेळ ठरवा. मशिदीच्या, मदरशाच्या, शाळेच्या आवारात दिवा लावताना वायरमनला एवढेच सांगा, "तोंड खाली." पुढच्या ग्रामसभेत नव्या खांबांचा विषय निघाला तर दिव्याचे तोंड कुठे असेल हे विचारणारा एक तरी आवाज आपल्या मोहल्ल्यातून असावा. आमच्या शाळेतल्या मुलांनी तसे निवेदन लिहायला घेतले आहे. त्यासोबत ते त्यांचा ९० फोटोंचा तेजोमेघ जोडणार आहेत.

वाचक बंधू-भगिनींनी या चंद्रमहिन्याच्या शेवटच्या तीन रात्रींपैकी एक निवडावी. घरातले दिवे अर्धा तास बंद करून गच्चीवर किंवा अंगणात बसावे. अंधाराला डोळे सरावायला वीस मिनिटे तरी लागतात. तोवर मोबाईल खिशातच राहू द्या. सुरैया असेल तर तिच्यातले तारे मोजा. घरात सर्वांत जास्त कोणाला दिसले, आणि कुठल्या दिव्यामुळे सर्वांत जास्त अडचण झाली, हे दोन्ही आम्हाला पत्राने जरूर कळवा. गावाचे नाव आणि तारीख लिहायला विसरू नका.